लंगराचं गाव आणि बोटीचा धक्का

नांदेड, मंगळवार

ति. दादास सा. न.

अमृतसरहून दोन हजार किलोमीटर धावून सचखंड एक्स्प्रेस आली, तेव्हा मी स्टेशनाबाहेरच होते. वळकट्या, डबे, पेंगुळलेली लेकरं. मला आपला मुरगावचा धक्का आठवला. क्रूझ लागली की तिथेही एका सकाळी हजारभर माणसं उतरतात. पण जेवण बोटीवर, झोप बोटीवर, सहलीची बससुद्धा बोटीवरच ठरलेली. अंधार पडायच्या आत सगळी परत. तुझ्या टॅक्सीला आणि वहिनीच्या काजू-कोकमाच्या गाड्याला उरतात ती चार चुकार गिऱ्हाइकं.

इथेही लंगर फुकट, यात्री निवासही गुरुद्वाराचाच. मग बाजाराने खायचं काय? पण रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात बांधवलेल्या या गुरुद्वाराच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की माणूस बाजारातच येतो. कडी, कृपाणी, रुमाल, तसबिरी. एक पंजाबी आजी नातवंडांसाठी कडी निवडत गाड्यापाशी किती वेळ बसली होती! विकणारी बाई मोडक्या पंजाबीत भाव सांगत होती. आजी काही न घेता उठली, तरी बाईच्या कपाळावर आठी नाही. यात्रेकरू मुक्कामाला असतो, उद्या पुन्हा इथूनच जाणार. रिक्षावाले नगिना घाट, बंदा घाट, माळटेकडी अशी फेरी करवतात, तीही निवांत.

दादा, बोटीवरचं फुकट जेवण तुमचं पोट मारत नाही. मारतं ते कुंपण आणि घड्याळ.

लातूर, गुरुवार

काल गंजगोलाईत हिंडले. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा आराखडा, बांधकाम 1917 चं. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल इमारत, आणि 16 रस्ते येऊन मिळतात. कुठूनही या, सराफ, चपला, मिरची, गूळ ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गिऱ्हाइकाची वाट दुकानांवरून जावी, हे आधी कागदावर ठरलं होतं. आपल्या धक्क्यावर तसं कुणी ठरवलं?

आता ठरवायला वाव आहे: 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांतूनच निवडावे लागतात. वहिनीला म्हणावं, वास्कोत त्या समितीची चौकशी कर. आणि तुमच्या युनियनच्या बैठकीत तू दोनच गोष्टी लावून धर: बोटीने रात्रीचा मुक्काम करावा, आणि गेटाच्या आत गाड्यांना आणि टॅक्सींना जागा मिळावी.

उद्या उदगीरला निघते.

तुझी धाकटी