मलिहाबादची बिनलग्नाची झाडं

लखनौला जाऊन इमामबाडे आणि कबाब यांबद्दल न लिहिणं उद्धटपणाचं दिसेल, पण दोन्हींवर पुरेसं लिहून झालंय. भुलभुलैयात घाम फुटला आणि कबाब मऊ होते, एवढंच सांगतो. मी गेलो होतो जूनमध्ये, दसरी खायला. तीही मनातल्या मनात हापूसच्या पंक्तीला तिला कुठे बसवायचं, हे आधीच ठरवून. रत्नागिरीच्या माणसाला हा आजार जन्मजात असतो.

काकोरीजवळच्या दशहरी गावात मूळ झाड आहे. वय अडीच-तीनशे वर्षांचं सांगतात. जगातली प्रत्येक दसरी कलमाकलमांनी याच एका खोडाची वंशज. झाड पाहिलं, नमस्कार केला, पुढे मलिहाबादला निघालो.

तिथल्या बऱ्याच जुन्या बागा अफ्रिदी पठाणांच्या. मी शिरलो त्या बागेचे मालक झोपले होते. राखणीला एक म्हातारबाबा होते, हिंदू, अवधी बोलणारे. बादलीतल्या पाण्यात आंबे बुडवलेले. एक काढून देठाकडचा चीक पिळला आणि माझ्या हातात ठेवला.

"बाबा, तुम्ही घ्या ना."

"हम नहीं खाएँगे, भैया. हे मी लावलेल्या झाडांचे. लड़कों का ब्याह नहीं हुआ अभी."

मला वाटलं, घरातल्या पोरांबद्दल बोलतायत. पोरं म्हणजे समोरची कोवळी झाडं. लावणाऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं, झाडाचं लग्न लागेपर्यंत फळ चाखायचं नाही. नवरी चिंच असते, पण तिला फार जागा लागते, म्हणून बाबांनी चमेलीची वेल पाहून ठेवली होती. भटजी, हळद, जेवणावळ, सगळं यथासांग. पैसे जमले की करणार. तोवर सगळे आंबे बाजारात जातात.

"आणि मालक?"

"खाँ साहब हँसते हैं. मगर इन पेड़ों का खाते नहीं."

ठगांचा कर्दनकाळ स्लीमन पुढे लखनौचा रेसिडेंट झाला. त्याआधीच, 1844 साली छापलेल्या पुस्तकात त्यानं हीच चाल लिहून ठेवली आहे. परदेशात जायचं तर इक्वेडोरच्या जंगलातले अच्वार लोक आठवतात. 1970च्या दशकात फिलिप देस्कोला हा फ्रेंच अभ्यासक त्यांच्यात राहिला. तिथल्या बायका मळ्यातल्या कसाव्याला लेकरं मानतात आणि पुरुष शिकारीच्या प्राण्यांना मेहुणे. कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद. उपासाच्या खिचडीत आपण कोणाची लेकरं खातो, या विचारानं मला उगाचच हसू आलं.

बाबा मात्र गंभीर होते. "आपके यहाँ पेड़ रिश्तेदार नहीं होते?"

होतात की. तुळशीचं लग्न सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं. मग देवक सांगितलं. आमचं देवक कळंब. घरात लग्न निघालं की त्याची डहाळी आधी आणायची, पूजायची, मांडवात बांधायची. मगच बाकीचे विधी. एरवी कळंबाचं लाकूड चुलीत घालायचं नाही. ज्यांचं देवक कळंब, त्यांच्याशी सोयरीक नाही, कारण ती भावकी. हे बाबांना फार पटलं. एकाच झाडाची दोन घरं म्हणजे भाऊ-बहीणच, त्यात विचारायचं काय? त्यांनी खूश होऊन दुसरा आंबा पिळला. मग विचारलं, आमच्याकडे आंबा आहे का.

आहे म्हटलं. वडिलांनी स्वतः लावलेली हापूसची कलमं आहेत.

"उनका ब्याह?"

"नाही केलं."

"और पिताजी खाते रहे?"

"आयुष्यभर. आई पण."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग आंबा माझ्या हातात देण्याऐवजी त्यांनी बादलीत परत टाकला आणि जुन्या, लग्न झालेल्या झाडाखालचा टपका शोधायला उठले. तो गोड होता. हापूसपेक्षा जरा कमीच, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.