पडीक कोणास म्हणावे?

गेल्या ज्येष्ठात एके सायंकाळी आमच्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस आमच्याकडे आले. सेवानिवृत्तीनंतर आम्ही नवी मुंबईत, खारघरास, चिरंजीवांकडे राहतो. आणि मास्तरकीचा मान म्हणून येथील मंडळी आम्हांस सभासमारंभांत पुढे बसवितात. चिटणीस म्हणाले, "गुरुजी, इमारतीमागे डोंगराचा जो ओसाड उतार आहे, तेथे परवानगी काढून झाडे लावायची आहेत. पहिला खड्डा तुमच्या हस्ते." आम्ही नाही म्हटले. चहा घेऊन आलेल्या सूनबाई दारातच थबकल्या. कारण वृक्षारोपणास नकार देणारा मास्तर त्यांनी कधी पाहिला नसावा. त्या नकाराचे कारण आमच्याच एका जुन्या चुकीत आहे, आणि ती चूक एकदा चारचौघांत सांगून टाकावी म्हणून हा लेखनप्रपंच.

इ. स. 1986 च्या सुमारास आम्ही सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. गावाबाहेर मोठे गायरान होते. पावसाळा सरता सरता तेथे पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते कमरेइतकी वाढत, आणि माघ-फाल्गुनात सारा माळ पिवळा पडे. आमच्या दृष्टीने ते रानच रिकामे! आम्ही मुलांस हाताशी धरले आणि तीन पावसाळे खपून तेथे गिरिपुष्पाची, म्हणजे लोक ज्यास उंदीरमारी म्हणतात त्याची, रोपे लावली. गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून ती जगली. तालुक्याच्या समारंभात आमच्या खांद्यावर शालही पडली.

झाडे वाढली तसे त्यांच्या सावलीत गवत विरळ झाले. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचा बाप धनगर होता. तो एकदा शाळेच्या ओट्याशी येऊन म्हणाला, "मास्तर, झाडं लई झ्याक लावली, पर मेंढरानं खावं काय?" आम्ही त्यास वृक्षांचे माहात्म्य ऐकविले. पुढल्या वर्षी तो बिऱ्हाड पाठीवर टाकून दूर मुलखी गेला, तो परतला नाही. शब्दरूपे न चुकता म्हणणारा वर्गातील तो एकच मुलगा. त्याचे नाव पटावरून आम्हीच आमच्या हाताने खोडले.

त्याच जिल्ह्यात, सोलापूरपासून सुमारे 20 किलोमीटरांवर, नान्नजचा माळ आहे. माळढोक पक्ष्यासाठी तेथील अभयारण्य 1979 साली जाहीर झाले. ह्या पक्ष्याची मादी बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या भुईवर. शत्रू दुरून दिसावा हेच तिचे संरक्षण. म्हणून तिला दाट झाडी नको, मोकळा माळ हवा. नान्नजच्या परिसरातही माळावर गिरिपुष्पाची लागवड झाली होती, हे आम्हांस पुढे वाचनात आढळले, तेव्हा आपल्या शालीची आठवण होऊन मान खाली गेली. अभयारण्याचे क्षेत्र प्रथम सुमारे 8,500 चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, बाजारपेठाही आल्या, लोकांस जमिनीच्या व्यवहारांत अडचणी सोसाव्या लागल्या, आणि शेवटी ते सुमारे 1,200 चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात.

ह्याहून लाजेची गोष्ट अशी की, आम्ही पेशाने संस्कृत शिकविणारे. 'जंगल' हा शब्द 'जांगल' ह्या संस्कृत शब्दावरून आला. आणि आयुर्वेदात जांगल देश म्हणजे निबिड अरण्य नव्हे, तर थोड्या पाण्याचा, विरळ झाडांचा, मोकळा मुलूख. जेथे काळवीट स्वभावतः चरतो ती भूमी यज्ञास योग्य, असे मनुस्मृती सांगते. आणि काळवीट चरतो तो गवताळ माळावर. पूर्वजांनी ज्या भूमीस यज्ञिय म्हटले, तिला आम्ही पडीक म्हटले! पंढरपूरच्या देवळातील कान्होपात्रेची तरटी आपण सर्वांनी भक्तिभावाने पाहिली आहे. ती तरटीही ह्याच कोरड्या मुलखाची काटेरी वनस्पती. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील ह्या अभ्यासकांनी जुन्या मराठी वाङ्मयातील असे उल्लेख गोळा करून 2025 साली दाखवून दिले की, पश्चिम महाराष्ट्राचे माळ निदान 750 वर्षांपासून माळच आहेत; अरण्ये तोडून ते झालेले नाहीत.

अमेरिकेतही हेच घडले. तेथील उंच गवताची अफाट कुरणे नांगराखाली गेली आणि आज शेकडा 4 देखील उरलेली नाहीत. जे तुकडे वाचले, त्यांतील काही आगगाडीच्या रुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींच्या कुंपणांत सापडले. कारण तेथे नांगर गेला नाही. कॅन्सस प्रांतात 1996 साली अशा गवताचे राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र करावे लागले. त्या गवताची मुळे जमिनीत पुरुषभराहूनही खोल जातात. वरचे गवत जळाले तरी ते पुन्हा फुटते. परंतु नांगराने मुळे एकदा उलथली म्हणजे ते कुरण पुन्हा उभे करण्यास माणसाच्या हयातीही अपुऱ्या पडतात.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिटणिसांस घेऊन, नातीचा हात धरून, त्या उतारावर गेलो. खड्ड्यांच्या जागी चुन्याच्या फुल्या मारलेल्या होत्या. इतक्यात एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. नात खाली वाकली आणि म्हणाली, "आजोबा, पाय जपून!" एका फुलीपासून वीतभर अंतरावर, खड्यांतच खड्यांसारखी दिसणारी चार अंडी होती. चिटणीस बराच वेळ काही बोलले नाहीत.

खारघरचा उतार म्हणजे नान्नजचा माळ नव्हे, हे आम्ही जाणतो. कोकणातील पाऊस निराळा, येथील ओघळींत झाडी शोभते आणि तगते. उन्हाळ्यात ह्या डोंगरांस वणवे लागतात, त्यांचाही बंदोबस्त व्हावयास हवा. झाडे लावूच नयेत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. म्हणणे येवढेच की, एखाद्या जागेस पडीक म्हणण्यापूर्वी एक वर्षभर, साही ऋतूंत, तेथे कोण राहते, कोण चरते, हे जाऊन पाहावे. आणि कोणी धनगर काही सांगू लागला, तर त्यास माहात्म्य ऐकविण्याऐवजी आपण ऐकावे.

संस्थेच्या सभेत वाद पुष्कळ झाला. अखेरीस झाडे रस्त्याकडेला आणि ओघळीत लावावीत व उतार यंदा तसाच ठेवावा, असे ठरले. पुढल्या वर्षीचे पुढल्या वर्षी. पहिला खड्डा आम्हीच खणला, रस्त्याच्या कडेला. परंतु त्या दिवशी खांद्यावर शाल मात्र घेतली नाही.