रेट, पिच आणि ता. पनवेल

"मामा, हा कुणाशी भांडतोय?" माझा कॉम्प्युटर बोलताना ऐकून भाच्यानं विचारलं. मी अंध आहे. पनवेलच्या लाइन आळीत राहतो आणि मराठी मजकूर तपासण्याचं काम घरून करतो. तो भांडणारा आवाज ई-स्पीकचा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरबरोबरच तो येतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ साली एनव्हीडीए लिहायला घेतलं. महागडी सॉफ्टवेअरं न परवडणाऱ्या माझ्यासारख्यांचं त्यानं केवढं काम केलंय!

ई-स्पीक माणसाच्या आवाजाचे तुकडे जोडत नाही, ध्वनी गणितानं घडवतो. म्हणून तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. पण त्यामुळेच वेग भरपूर वाढवला तरी शब्द ओळखू येतात आणि कळ दाबताक्षणी तो बोलतो. विंडोजमधले हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाज कानाला सुखद आहेत, पण माझ्या मजकुरातल्या ४५ चं ते 'पैंतालीस' करतात. कामाला मला मराठी ई-स्पीकच बरा.

मात्र तो आहे तसा वापरू नये. एनव्हीडीएची कळ, कंट्रोल आणि व्ही एकदम दाबलं की आवाजाच्या सेटिंग्ज उघडतात. मी आधी व्हेरिएंट, म्हणजे आवाजाचे प्रकार, बदलून पाहिले. त्यातल्या काहींचा कर्कशपणा बराच कमी आहे. पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, थोडा उतरवला. इन्फ्लेक्शन, म्हणजे वाक्यातला चढउतार, अगदी शून्यावर नेला तर प्रश्नचिन्ह कानाला कळत नाही, म्हणून तो मध्यावर ठेवला. तपासणीच्या वेळी विरामचिन्हांची पातळी 'सर्व'वर, एरवी 'काही'वर. रेट, म्हणजे वेग, मात्र एकच ठेवून भागत नाही. ईमेल चाळताना मला घोडदौड लागते, कथा ऐकताना नाही. त्यावर एनव्हीडीएत छान सोय आहे: सलग वाचनासाठी वेगळं प्रोफाइल करता येतं. वाचन सुरू झालं की वेग आपोआप उतरतो, थांबलं की पुन्हा चढतो. अनेक वर्षं वापरणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.

खरी गंमत उच्चारांच्या शब्दकोशात. आमच्याकडच्या प्रत्येक अर्जात 'ता. पनवेल, जि. रायगड' असतंच. त्याचा 'तालुका पनवेल, जिल्हा रायगड' असा उच्चार शब्दकोशात घालता येतो; पण नोंद 'ता. पनवेल' अशी अख्खी करायची. नुसतं 'ता.' घातलं आणि ते शब्दात कुठेही चालेल असं ठेवलं, तर 'पाऊस पडत होता.' या वाक्याचा शेवट 'होतालुका' होतो!

ह्रस्वदीर्घापुढे मात्र कुठलीच सेटिंग पुरत नाही. 'कि' आणि 'की' वेगात सारखेच ऐकू येतात. तिथे बाणाच्या कळीनं एकेक अक्षर ऐकावंच लागतं.

नव्यानं शिकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: बिघडेल म्हणून सेटिंगला हात लावायला घाबरू नका. एनव्हीडीए, कंट्रोल आणि सी दाबून आधी चालू घडी जतन करा, मग हवा तेवढा खेळ करा. आवाज अगदीच हाताबाहेर गेला तर सी ऐवजी आर दाबा. जतन केलेलं सगळं परत येतं.