अपिलातली कसूर

अपिलात लेखी युक्तिवाद वेळेत आला नाही किंवा कोणी उभेच राहिले नाही, तर पुढे काय होणार हे कसूर कोणाची यावर ठरते. अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयांत सारी भिस्त लेखी युक्तिवादावर. खालच्या न्यायालयाचे रेकॉर्ड दाखल झाल्यापासून ४० दिवसांत अपीलकर्त्याने तो दिला नाही, तर अपील काढून टाका असा अर्ज प्रतिपक्ष करू शकतो. प्रतिपक्षच चुकला, तर न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याला तोंडी युक्तिवाद करता येत नाही.

भारतात लेखी युक्तिवाद बहुधा पुरवणीसारखा. अपील अडते ते वेगळ्याच जागी. मुंबई उच्च न्यायालयात कार्यालयीन हरकती निघतात: झेरॉक्स वाचता येत नाही, मराठी कागदांचे भाषांतर जोडलेले नाही. त्या रेंगाळल्या की अमुक तारखेपर्यंत दूर करा, नाहीतर अपील पुन्हा न्यायालयापुढे न येता रद्द समजले जाईल, असा सशर्त आदेश होतो. तारीख उलटते आणि अपील संपते. पक्षकाराला याचा पत्ता नसतो. अपिलाबरोबर खालच्या निकालाच्या अंमलबजावणीला मिळालेली स्थगितीही गेलेली असते, अंमलबजावणीची दरखास्त पुन्हा चालू होते आणि एके दिवशी बेलीफ ताबा घ्यायला दारात येतो.

सुनावणीला अपीलकर्ता गैरहजर असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम १७ खाली अपील काढून टाकता येते, मात्र गुणदोषांवर नाही. १९७६ च्या दुरुस्तीने तसे स्पष्टीकरणच जोडले. ही मर्यादा अपीलकर्त्याच्या हिताची, कारण नियम १९ खाली अपील पुन्हा दाखल करून घेण्याची वाट त्यामुळे उघडी राहते. मुदत ३० दिवस. गैरहजेरीला पुरेसे कारण हवे. मुदत टळली तर विलंबमाफीचा अर्ज वेगळा.

वकील आला नाही याची शिक्षा पक्षकाराला कशासाठी? १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपील जिवंत केले आणि खर्च गैरहजर वकिलावर बसवला. हा निकाल पुढे उठसूट दाखवला जाऊ लागला. साहजिकच पक्षकाराने स्वतः कधी चौकशी केली होती का, हेही न्यायालये विचारू लागली, आणि ते रास्तच आहे.

फौजदारी अपिलाला मात्र नियम १७ लागू नाही. बानी सिंग प्रकरणातल्या १९९६ च्या निकालानुसार केवळ गैरहजेरीमुळे ते काढून टाकता येत नाही. रेकॉर्ड वाचून गुणदोषांवरच निर्णय द्यावा लागतो. आरोपी तुरुंगात आणि वकील गैरहजर असेल, तर न्यायालय सरकारी खर्चाने दुसरा वकील नेमू शकते.