कापलेली पाने

या पानावर एरवी मी खता-बियाण्यांविषयी लिहितो. आज पुस्तकांविषयी लिहिणार आहे.

गेल्या हंगामात चौसाळ्याच्या बाजारात एक ओळखीचे शेतकरी भेटले. म्हणाले, "साहेब, सोयाबीन आता इकावं का अजून थांबावं?" भाव पडलेला होता. मी म्हणालो, थांबता येत असेल तर थांबा. त्यांनी खिशातून कागद काढला. मुलीला बी.एस्सी. कृषीला प्रवेश मिळाला होता आणि तो कागद म्हणजे पुस्तकांची यादी होती. अकरा पुस्तके, बेरीज सात हजारांच्या पुढे. "पोरीची पुस्तकं घ्यायचेत. कसं थांबावं?"

ती यादी पाहून मला माझे कॉलेज आठवले. आज एक गोष्ट कबूल करतो. मी दुसऱ्या वर्षाला होतो. मृदाशास्त्राचे एक इंग्रजी पुस्तक आम्हा सगळ्यांना हवे होते आणि ग्रंथालयात त्याची एकच प्रत होती. ती रात्रीपुरती खोलीवर मिळे आणि सकाळी परत करावी लागे. परीक्षा तोंडावर आली होती. पुस्तक विकत घ्यायला पैसे नव्हते आणि एका रात्रीत उतरवून काढणे शक्य नव्हते. मी दाढीच्या पात्याने त्यातली चौदा पाने कापून घेतली.

दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक माझ्या खोलीतल्या जोडीदाराने आणले. नेमकी तीच पाने नव्हती. तो चिडला नाही. एवढेच म्हणाला, "ज्यानं कापली त्याच्याकडंबी पैसे नसतील." मी मान खाली घालून वाचत बसलो. पाने माझ्या वहीतच होती. त्या पेपरात मी पास झालो आणि त्याला तो पेपर पुन्हा द्यावा लागला. पुढे मी साहेब झालो. पण त्याला ही गोष्ट सांगण्याचे धाडस आजवर झाले नाही.

तेव्हा पुस्तक भाकरीसारखे होते. एकाने खाल्ली की दुसरा उपाशी. आज तसे राहिलेले नाही, हे आपल्या घराघरांत कळायला हवे. २००१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपले पाठ जगाला फुकट खुले करण्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या पॅरिसच्या बैठकीत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक साधने' असे नाव मिळाले. लिहिणाऱ्याने सगळेच हक्क राखून न ठेवता वाचायला, छापायला, वाटायला आपणहून परवानगी दिलेली असते. हजारांनी वाचले तरी एकही पान कमी होत नाही.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने बी.एस्सी. कृषीचे विषयवार पाठ तयार करून विनामूल्य ठेवले. अभियांत्रिकीची पुस्तके तंत्रशिक्षण परिषदेच्या 'ई-कुंभ'वर मराठीतही उतरवून घेता येतात. खरगपूरच्या आय.आय.टी.ने राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उभे केले आहे. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने घरी बसून शिकता येईल अशी पुस्तके मराठीत काढली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेल्या मराठी विश्वकोशाचे वीस खंडही आज मोबाइलवर फुकट वाचता येतात.

मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. मुलीला म्हणालो, "बाळ, यादी आण." मोबाइल घेऊन आम्ही दोघे ओसरीवर बसलो. अकरापैकी सात पुस्तकांचे विषय फुकटच्या पाठांत सापडले. दोन पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलीकडून जुनी मिळाली. दोन मात्र विकत घ्यावीच लागली. सोयाबीन विकावे लागलेच, पण सगळे नाही. बाकीची पोती घरात राहिली.

आता सावधगिरीचे चार शब्द. फुकटचे सगळेच मुक्त नसते. कुणाचे विकाऊ पुस्तक चोरून मोबाइलवर फिरवणे वेगळे आणि लिहिणाऱ्याने मोकळे केलेले पुस्तक वेगळे. पहिल्या पानावर परवानगी लिहिली आहे का ते पाहा. अभ्यासक्रम बदलत असतो, म्हणून पाठ जुना तर नाही ना, हे शिक्षकांना विचारा. शेतीचे पाठ बहुतेक इंग्रजीत आहेत. मुले पहिल्या वर्षी गांगरतात, त्यांना धीर द्या. लहान पडद्यावर वाचून डोळे शिणतात, तेव्हा महत्त्वाची प्रकरणे छापून घ्या. पाच-सहा मुलांनी मिळून एक प्रत काढली तर खर्च थोडाच येतो.

आणखी एक. आठवीपर्यंत सरकारी शाळेत पुस्तके मोफत मिळतात, म्हणून आपल्याला वाटते की पुढचे सारे विकतच असणार. तसे समजून पोरीचे शिक्षण थांबवू नका. कागदावरची यादी पाहून कर्ज काढण्याआधी निम्मी यादी फुकट मिळते का, ते एकदा शोधा. शोधता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोराला किंवा माझ्यासारख्याला गाठा. पिकावरची कीड विचारता ना, तसेच हेही विचारा.

आणि माळ्यावर जुनी पुस्तके पडली असतील तर वाळवीला देऊ नका, गावच्या वाचनालयाला द्या. माझी मी देऊन टाकली आहेत. ती चौदा पाने मात्र अजून माझ्या पेटीत आहेत. हा अंक निघाला की एक प्रत आणि ती पाने, दोन्ही माझ्या त्या जोडीदाराला पाठवणार आहे.