कवडसा पकडणारी इमारत

मुलांनो, आरशाने भिंतीवर कवडसा पाडायचा खेळ तुम्ही नक्की खेळला असाल. हाच खेळ चाळीसहून जास्त मजल्यांच्या एका इमारतीत खेळलाय, बरं का! चला तर मग हाँगकाँगला.

सेंट्रल नावाच्या गजबजलेल्या भागात स्टॅच्यू स्क्वेअरपाशी उभे राहा. समोरची सुमारे १७९ मीटर उंच, राखाडी इमारत एचएसबीसी बँकेची. इंग्लंडचे वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी ती आखली आणि १९८५ साली ती बांधून पूर्ण झाली.

खिडकीतला उजेड खोलीत फार आत जात नाही. खिडकीची वरची कड जमिनीपासून अडीच मीटरवर असेल, तर चांगला उजेड साधारण पाच मीटरपर्यंतच पोचतो. म्हणून मोठ्या इमारतीत कडेला बसणाऱ्याला आभाळ आणि मधे बसणाऱ्याला भर दुपारी ट्यूबलाइट!

फॉस्टर यांनी काय केलं? एरवी मधोमध असणाऱ्या लिफ्ट आणि जिने त्यांनी दोन्ही बाजूंच्या कडांना नेले. मोकळ्या झालेल्या पोटात दहा मजले उंच चौक ठेवला, जुन्या वाड्यात असतो तसा. पण वाड्याच्या चौकावर आभाळ असतं. इथे डोक्यावर कितीतरी मजले! मग ऊन येणार कुठून?

त्यासाठी इमारतीच्या बाहेर, दक्षिणेला आरसे बसवले. सूर्य सरकेल तसे ते वळावेत, ऊन आडवं आत फेकावं आणि चौकाच्या छतावरच्या दुसऱ्या आरशांनी ते खाली वळवावं, अशी ही योजना. चौकाचा तळ काचेचा ठेवला, म्हणजे उजेड थेट खालच्या मोकळ्या जागेपर्यंत उतरेल.

त्या जागेला दार नाही. कोणीही यावं, जावं. सरकते जिने तिथूनच काचेतून वर जातात. रविवारी सुट्टी मिळाली की शहरात घरकाम करणाऱ्या कितीतरी फिलिपिनो बायका तिथे डबे उघडून गप्पा मारत बसतात. बँकेत खातं असो वा नसो, सावलीही त्यांची आणि उजेडही त्यांचा!

तुमच्या इमारतीच्या जिन्यात दिवसाही दिवा लागतो का? मग एक आरसा घ्या आणि ऊन कुठवर नेता येतं ते बघा. मात्र आरशातल्या सूर्याकडे पाहू नका आणि कोणाच्या डोळ्यांवर कवडसा पाडू नका. बटण न दाबता कुठला कोपरा उजळला, ते आई-बाबांना जरूर दाखवा.