ग्वाटेमाला शहर : आधी झोन, मग रस्ता

वेलदोड्याच्या व्यापाऱ्यास ग्वाटेमाला हे नाव नवे नाही. वेलदोडा मूळचा आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा. पण त्याच्या निर्यातीत आज हा मध्य अमेरिकेतील छोटा देश जगात अग्रेसर आहे. नवल असे, की तेथील माणूस स्वतः वेलदोडा फारसा खात नाही. मळे उत्तरेकडील आल्ता वेरापासच्या डोंगरांत असले, तरी बँका, सरकारी कचेऱ्या आणि भारताची वकिलात राजधानीतच. म्हणून व्यापाराच्या निमित्ताने जाणाऱ्यास प्रथम ओळख करून घ्यावी लागते ती ग्वाटेमाला शहराची.

भारतातून तेथे थेट विमान नाही. माद्रिदवरून जाता येते. अमेरिकेवरून जायचे, तर केवळ विमान बदलण्यासाठीही त्या देशाचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे. विमानतळ शहराच्या वस्तीतच, झोन १३ मध्ये आहे.

हा ‘झोन’ शब्द येथील प्रवासाची किल्ली होय. मध्यवर्ती झोन १ पासून गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वळत बाहेर जाणारे झोन २५ पर्यंत मोजले आहेत; मधले २०, २२ आणि २३ हे क्रमांक मात्र नाहीतच. दक्षिणोत्तर रस्ता तो ‘आवेनिदा’, पूर्वपश्चिम तो ‘काये’. ‘६ आवेनिदा ११-४३, झोन १’ असा पत्ता असेल, तर इमारत सहाव्या आवेनिदावर, अकराव्या कायेच्या कोपऱ्यापासून अदमासे ४३ मीटर पुढे समजावी. पत्ता लिहिण्याची इतकी चोख रीत आपल्याकडील ‘मारुतीच्या देवळामागे’ या पद्धतीस लाजविणारी आहे. परंतु त्याच क्रमांकाचे रस्ते अन्य झोनमध्येही आढळतात. झोन लिहावयाचा राहिला, तर सारा पत्ता व्यर्थ. टॅक्सी माणसास भलत्याच वस्तीत नेऊन सोडते, आणि सर्व वस्त्या परक्या माणसाने भटकण्याजोग्या नाहीत. शिवाय शहर खोल दऱ्यांनी चिरलेल्या पठारावर वसले आहे. नकाशात हाकेच्या अंतरावर दिसणारे ठिकाण दरीपलीकडे निघते आणि लांबचा वळसा पडतो.

जुन्या लाल बसगाड्यांत परक्याने बसू नये, असा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो योग्य आहे. खंडणीखोर टोळ्यांनी अनेक चालकांचे बळी घेतले आहेत. पाहुणा टॅक्सी बोलावून मोकळा होतो. परंतु पहाटे कामावर निघणाऱ्या मजुरास ती निवड नाही, आणि तो चालकही दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकामागे बसतो. शहरास ‘धोक्याचे’ म्हणताना हे विसरू नये. २००७ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी ‘ट्रान्समेट्रो’ बससेवा सुरू झाली, ती या पार्श्वभूमीवर. पुण्याची बीआरटी तिच्या अवघे दोन महिने आधीची. तुलना पुणेकरांनीच करावी.

झोन १ मधील मध्यवर्ती चौक, राष्ट्रीय प्रासाद आणि मोठे चर्च दिवसाउजेडी पायी पाहता येतात. राजधानी येथे आली ती भूकंपामुळे. १७७३ मध्ये जुने नगर कोसळले, तेव्हा स्थलांतरास खुद्द आर्चबिशपने विरोध केला. तरीही १७७६ मध्ये नवी राजधानी वसली. जुने नगर ‘अँटिग्वा’ या नावाने टिकून राहिले आणि आज पर्यटकांचा ओढा तिकडेच अधिक आहे. भूकंपाने नव्या नगराचीही पाठ सोडली नाही. ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे देशात सुमारे तेवीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. चर्चमागील मध्यवर्ती बाजार त्यानंतर जमिनीखाली बांधला गेला. विणकाम, फळे, मसाले सारे तेथे मिळते. व्यापारी मनुष्य तासभर सहज रमतो.

वेळ कमी असेल, तर झोन २ मधील उठावाचा नकाशा तेवढा पाहावा. १९०५ मध्ये पूर्ण झालेल्या या सिमेंटच्या नकाशात डोंगरांची उंची मुद्दाम पाचपट दाखविली आहे. शेजारचा बेलीझही त्यात आपलाच म्हणून घेतला आहे! मनोऱ्यावरून वेरापासचे डोंगर आणि तेथपर्यंतची वाट पाहिली, म्हणजे पोत्यातील वेलदोडा किती चढउतार करून येतो हे उमगते.

आहाराची काळजी मात्र आधीच घ्यावी. काळ्या घेवड्यात बहुधा डुकराची चरबी घालतात आणि भातही कोंबडीच्या रश्श्यात शिजविलेला असू शकतो. ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीविना, हे शब्द पाठ असावेत. मांस नको एवढे सांगून भागत नाही. मक्याच्या तोर्तिया मात्र बाया हातांवर थापून तव्यावर टाकतात. त्या थापण्याचा आवाज ऐकून भाकरीची आठवण न येणारा मराठी माणूस विरळा. सोबत अवोकाडो, केळी, पपई. सूर्य वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या आसपास मावळतो, परंतु उपाहारगृहांत रात्रीचे जेवण त्यानंतरच सुरू होते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याने दुपारीच शिदोरी बांधून घ्यावी. तेथे सायंकाळचे सहा वाजतात, तेव्हा येथे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. घरी दूरध्वनी करावा, पण भाव विचारण्यास पेढी उघडेपर्यंत तेथील रात्र बरीच झालेली असते.